शमुवेल मास्तरांचे अर्थ

समस्त मलकापूरकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, शमुवेल मास्तरांसमोर कोणीही गाढवाला गाढव म्हणू नये. गाढव म्हणजे मनुष्याचे शरीर, असा त्यांचा निकाल आहे.

मास्तर माझे भिंतीपलीकडचे शेजारी. शाळेतून निवृत्त झाले आणि पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती पंडितांच्या ग्रंथांत शिरले. त्या पंडितांचा खाक्या असा, की शास्त्रातली कुठलीच वस्तू नुसती वस्तू नसते. मास्तरांना हे भलतेच मानवले. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्या. वाटसरूला चोर झोडपतात, एक परका शोमरोनी त्याला गाढवावर घालून उतारशाळेत नेतो. आपल्यासाठी गोष्ट संपली. मास्तरांची इथून सुरू!

"वाटसरू म्हंजे आदाम, शोमरोनी म्हंजे प्रभू, उतारशाळा म्हंजे मंडळी, आपलं चर्च. बसते का नाही बराबर?"

"आन् गाढवानं चारा खाल्ला असंन, त्याचा अर्थ?" समोरच्या रशीदभाई टेलरने विचारले.

मास्तर आठ दिवस ग्रंथ चाळत बसले. नवव्या दिवशी दुकानात शिरून म्हणाले, "चारा म्हंजे उपदेश, रशीदभाई. तुमाले कमी पडून राह्यला."

आमच्या हिने भरीत पाठवले, तरी आधी देठाचा अर्थ. भरीत गार होई, मास्तर गरम.

एकुलता एक मुलगा विजय. मास्तरीणबाई गेल्यावर बापलेकाचे काही बिनसले. "परत येईन," एवढेच बोलून तो पुण्याच्या गाडीत बसला. त्याला चार नाताळ झाले. दर नाताळाला मास्तर त्याची गादी उन्हात घालतात. मी पाहिले की म्हणतात, "ढेकनं झाले असतीन."

यंदाही गादी भिंतीवर चढली. त्या रविवारी चर्चचे पाळक आजारी पडले आणि उपदेश मास्तरांकडे आला. गंमत पाहायला मी आणि रशीदभाई मागच्या बाकावर. मास्तर काय रंगले होते! चोर झाले, गाढव झाले, उतारशाळा झाली. शेवटी शोमरोनी उतारशाळेवाल्याला सांगतो, 'मी परत येईन.' याचा अर्थ प्रभूचे पुनरागमन. ऐकून ऐकून मलाही पाठ झालेला.

"परत येईन म्हंजे..." मास्तर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. सगळी मंडळी माना वर करून बसलेली.

"म्हंजे काय, मास्तर?" रशीदभाईंनी हळूच आधार दिला.

मास्तर एकदम ओरडले, "म्हंजे परत येईन! दुसरा अर्थ कायले पाह्यजे? पोरगं येतो म्हनलं ना, तं येतेच ते!"