परीक्षकांच्या पोटावर तळं

घरात चांगली धडधाकट मुलगी असावी आणि तिने दिवसभर नुसतं उभं राहावं, हे तुम्ही तरी खपवून घेतलं असतं का? मग काकूंनी का घ्यावं!

बसली असती तर एक वेळ समजलं असतं. माणूस दमतं, बसतं. पण ही उभी! हातात ओल्या चादरीचं टोक, डोळे टबातल्या पाण्यात, आणि तोंड असं उघडं की माशीने आत जावं, हिंडावं आणि कंटाळून बाहेर यावं. दुसरं टोक धरून काकू पिळायला लागायच्या. इकडून पीळ बसायचा, तिकडून सुटायचा.

"अगं ए तंद्री! पीळ!"

"काकू, थांब ना जरा. तू हात बाहेर काढलास ना, पाणी शांत होतंय बघ."

"पाणी शांत होतंय आणि मी पेटतेय! पीळ म्हणते ना!"

तंद्री म्हणजे काकूंच्या धाकट्या दिरांची मुलगी. तिला पाळण्यातलं एक चांगलं नाव होतं, पण ते काकूंनी केव्हाच मोडीत काढलं होतं. लॉन्ड्री काकूंची, वरचं घर काकूंचं, आणि घरातला शेवटचा शब्दही काकूंचाच. शाळेची पायरी त्या चढल्या तशाच उतरल्या होत्या. पण डाग म्हणाल तर छापील अक्षरासारखा वाचायच्या! चहाचा, गंजाचा, तेलाचा, रडताना ओघळलेल्या काजळाचा. "माझ्या हातून वाचेल असा डाग अजून पडायचाय," असं त्या गिऱ्हाईकाला काउंटरवरूनच ठणकावून सांगायच्या.

आणि अशा घरातली मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात! बरं, चित्रं काढते म्हणावं तर तेही नाही. हिला हवं होतं माणसाला उत्तर देणारं चित्र. तुम्ही हललात की तेही हलणार, तुम्ही बोललात की तेही बोलणार. त्याला 'इन्स्टॉलेशन' म्हणतात म्हणे. आधी तिने जिन्याच्या पायऱ्यांना वायरी लावल्या. पाय पडला की पायरी गाणार! दीर कपड्यांचं गाठोडं घेऊन घाईघाईने उतरले आणि जिना एवढ्या मोठ्याने गायला, की उरलेल्या पायऱ्या ते गाठोड्यावर बसूनच उतरले. मग तिने एक दिवा केला. कोणी उसासा टाकला की तो मंद व्हायचा. दीर त्या दिव्याखाली बसायचे, त्यामुळे घर कायम अंधारात!

शेवटी काकूंनी निकाल दिला. "हे शेवटचं वर्ष. पास झालीस तर खुशाल पुढचं शिक, मी आडवी येणार नाही. नापास झालीस तर हे टेबल आणि ही इस्त्री. मग वाफेतून बघत बस पाण्याकडे!"

तंद्रीने मान डोलावली. पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. जेवताना ताटात बोटाने तळी काढायची. आंघोळीला गेली की पाण्याचा आवाजच यायचा नाही. बादलीकडे बघत बसायची. आणि एक दिवस तिने कपडे वाळवायची वरची खोली मागितली. परीक्षक घरीच येऊन काम बघणार होते. तिने खिडक्यांना घोंगड्या लावल्या, प्रोजेक्टर आणला, कॅमेरा टांगला, आणि मधोमध दुकानातली सगळ्यात मोठी पांढरी चादर ताणून बांधली.

"वर कोणी यायचं नाही. आणि चादरीला तर कोणी हातही लावायचा नाही," ती म्हणाली.

आता 'हात लावू नका' म्हटल्यावर हात न लावणारी बाई वेगळी आणि काकू वेगळ्या!

परीक्षेच्या दिवशी सकाळी तंद्री आंघोळीला गेली, तशा काकू वर गेल्या. बघतात तर काय! चादरीच्या चारही कोपऱ्यांत थाळीएवढे काळे कुळकुळीत डाग! म्हणून हात लावू देत नव्हती तर! पोरीने डाग पाडले आणि भीतीपोटी लपवून ठेवले. त्या क्षणी काकूंना तिची दया आली. माझ्या घरातली मुलगी, आणि परक्या माणसापुढे डागाळलेली चादर? त्यांनी चादर उतरवली, खाली नेली, चोळली, उकळली, खळ लावली, कडक इस्त्री केली आणि पुन्हा जशीच्या तशी ताणून ठेवली. तंद्री तोवर बादलीकडेच बघत बसली होती. चकार शब्द न बोलता! उपकार बोलून दाखवणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. म्हणजे लगेच बोलून दाखवणं नव्हतं.

दुपारी दुकानात एक गृहस्थ आले. पोट सुटलेलं, कपाळावर आठ्या, नजर मनगटावरच्या घड्याळावर. आणि खिशाखाली शाईचा ताजा डाग!

"चादर बघायला आलोय," ते म्हणाले.

"पावती?"

"पावती कसली? ती मोठी चादर हो. तळं असलेली."

काकू चपापल्या. तळं? म्हणजे कोणाची तरी चादर ओलीच गेली की काय?

"आमच्याकडून ओली चादर जात नाही! तुमच्याच घरी छत गळत असेल."

"बाई, मला घाई आहे. अजून चार ठिकाणी जायचंय."

"घाई डागालाही असते," काकू म्हणाल्या. गिऱ्हाईक चिडलंय, तर काहीतरी फुकट करून द्यावं, हा त्यांचा जुना शिरस्ता. "चादरीचं मागाहून बघू. आधी शर्ट काढा."

"काय?"

"शाई आहे. मुरली की बसली! काढा म्हणते ना!"

काकूंचा तो आवाज ऐकून भले भले कोट काढून द्यायचे. त्या गृहस्थांचे हात बाहीतून कधी बाहेर आले, ते त्यांनाही कळलं नाही. काकूंनी त्यांना कोणी न्यायलाच न आलेल्या कपड्यांतला एक शर्ट दिला. पिवळसर, आणि त्यावर बशीएवढे काळे ठिपके. तो का कोणी न्यायला आलं नाही, हे बघताक्षणी कळत होतं.

तेवढ्यात तंद्री जिना उतरून आली आणि शेवटच्या पायरीवरच थिजली.

"सर? तुम्ही... हा शर्ट?"

"सर?" काकू म्हणाल्या. "अगंबाई! हेच का परीक्षक?"

परीक्षक पोटावरचे ठिपके बघत होते.

काकूंनी त्यांचा शर्ट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकला, "आत्ता देते हं!" म्हणाल्या आणि सगळ्यांच्या पुढे वर निघाल्या.

वरच्या खोलीत अंधार होता. धुतलेल्या कपड्यांचा ओला, स्वच्छ वास होता. दोऱ्यांवरच्या चादरी आपल्याआपणच हलत होत्या, झोपेत कूस बदलल्यासारख्या. तंद्रीने बटण दाबलं. आणि चादर पांढरीच राहिली!

"ठिपके?" तंद्री चादरीकडे धावली. "काकू, माझे ठिपके कुठे गेले?"

"गेले!" काकू अभिमानाने म्हणाल्या. "नामोनिशाण ठेवलं नाही. तू घाबरू नकोस, मी रागावलेली नाही."

"अगं, ते ठिपके मीच काढले होते! ते बघून कॅमेऱ्याला कळतं चादर कुठे आहे ते! आता त्याला चादरच सापडणार नाही. काहीच दिसणार नाही!" आणि ती मटकन जमिनीवर बसली.

काकूंना प्रथमच वाटलं, की आपल्या पायाखाली कोणीतरी साबणाचं पाणी सांडलंय. पोरीचं वर्षभराचं काम, आणि ते आपण खळ लावून, कडक इस्त्री करून पुसून टाकलं! समोर इस्त्रीचं टेबल दिसायला लागलं. आणि त्यामागे उभी असलेली तंद्री.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "ठीक आहे," ते म्हणाले आणि दाराकडे वळले.

तोच प्रकाश हलला. कॅमेरा बिचारा मघापासून काळे ठिपके शोधत होता. ते त्याला सापडले! परीक्षकांच्या पोटावर हिरवंनिळं पाणी चमकलं.

"हे काय? हे काय!" परीक्षक मागे सरले. पाणीही सरलं. ते उजवीकडे पळाले, पाणी उजवीकडे! ते जितके पळत, तितक्या लाटा उसळत. लाटा पोटावरून छातीवर, छातीवरून हनुवटीवर! ते वाळत घातलेल्या चादरींत शिरले आणि एका परकरात मुंडकं अडकवून बाहेर आले.

"सर, हलू नका!" तंद्री ओरडली. "तुम्ही हललात की ते खवळतं! उभे राहा! नुसते उभे राहा!"

"उभे राहा म्हणते ना ती!" काकू गरजल्या.

परीक्षक उभे राहिले.

आणि हळूहळू पाणी निवलं. लाटांच्या रेघा झाल्या, रेघांच्या सुरकुत्या, आणि मग सुरकुत्याही मिटल्या. परीक्षकांचं पोट श्वासाबरोबर वरखाली होत होतं, तेवढंच तळं हलत होतं. कमळाचं एक पान उघडलं. खालून एक मासा आला, मग दुसरा. दोघे खिशापाशी येऊन थांबले, जणू आत काय आहे ते बघायला. परीक्षक मान खाली घालून बघत होते. कपाळावरच्या आठ्याही पाण्याबरोबर निवल्या होत्या. घड्याळ त्यांना आठवलंही नसावं. दारात दीर येऊन उभे होते, त्यांनीही उसासा टाकला नाही.

"कल्पना कुठून सुचली?" परीक्षकांनी माशांना धक्का लागू नये अशा आवाजात विचारलं.

"काकूच्या टबातून," तंद्री म्हणाली. "ती हात बाहेर काढते तेवढाच वेळ पाणी शांत असतं. म्हणजे नसतंच जवळजवळ. पण असतं तेव्हा इतकं छान असतं, सर."

काकू ऐकत होत्या. पाण्यात हात घालून जन्म गेला होता. गरम पाणी, गार पाणी, साबणाचं, खळीचं, निळीचं. पण पाण्याकडे बघितलं होतं कुठे? नेहमी पाण्यातल्या कपड्याकडे! त्या नकळत पुढे झाल्या. मासे पळाले. त्या थांबल्या. मासे परत आले. काकूंनी श्वासही रोखून धरला.

किती वेळ गेला कोण जाणे. एवढं मात्र खरं, की खाली पातेल्यातलं पाणी तोवर उकळत होतं! काकू धावत खाली गेल्या तेव्हा परीक्षकांचा पांढरा शर्ट, कॉलरपासून बटणांपर्यंत, आभाळासारखा निळा झाला होता.

"डाग गेला की नाही?" त्यांनी शर्ट वर करून दाखवला. "शोधून दाखवा कुठे आहे तो!"

परीक्षक हसले. मग तंद्रीकडे वळून म्हणाले, "चादरीवर असतं तर मी लांबून बघून मान हलवली असती आणि निघालो असतो. पोटावर आलं म्हणून थांबावं लागलं. पास आहेस तू. पण पुढच्या वेळी पाणी माणसांवरच सोड." आणि ते त्या ठिपक्यांच्या शर्टातच निघाले. तळंही त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेलं, उंबऱ्याशी जरा घुटमळलं आणि विझलं.

संध्याकाळी काकूंनी कपड्यांवर खुणा करायची शाईची बाटली स्वतः वर नेली आणि चादरीच्या चारही कोपऱ्यांत थाळीएवढे डाग पाडले. स्वतःच्या हातांनी! मग पदर खोचून तळ्यासमोर उभ्या राहिल्या. हाताला चाळा नाही, तोंडाला शब्द नाही. मासे जवळ आले. तंद्री मागे भिंतीला टेकून बघत होती.

बऱ्याच वेळाने काकू मान न वळवता म्हणाल्या, "नुसतं उभं राहणं एवढं अवघड असतं, हे आधी सांगायला काय झालं होतं गं तुला? पुढचं शिक तू, मी काही म्हणत नाही. पण एक ऐक तंद्री, तुझ्या त्या माशांना बजावून ठेव. माझ्या चादरीवर घाण केलेली मला चालायची नाही!"