उपरण्याखालचा सौदा

मोटारसायकल कशी घ्यावी, हे मला कुणी शिकवू नये! चार महिने मी दुसरं काही केलेलंच नाही.

लातुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत असायचं आणि मी काउंटरखाली मोबाइल धरून मोटारसायकलींचे व्हिडिओ बघत असायचो. एकदा एका आजोबांनी शेवटची ओळ वाचली आणि विचारलं, "नंबर किती निघाला?" मी तंद्रीत म्हणालो, "साडेतीनशे!" आजोबा भिंत चाचपडत उठले. त्यांना वाटलं, आता काठीच घ्यावी लागणार!

मला हवी होती जुन्या थाटाची नवी मोटारसायकल. रेट्रो! गोल दिवा, पेरूसारखी टाकी, भरदार आवाज. फार मोठी नको, फार लहान नको, साडेतीनशे सीसीची. इथवर माझं सगळं पक्कं होतं. घोळ झाला तो भावात. लातुरातल्या शोरूमवाल्याला एक भाव विचारला तर त्यानं चार सांगितले. शोरूममधला वेगळा, रस्त्यावरचा वेगळा, तारेच्या चाकांचा वेगळा आणि काळा रंग हवा असेल तर आणखी वेगळा! मी घरी येऊन बेरीज केली की दर वेळी वेगळा आकडा यायचा. एकदा तर माझ्या बेरजेत गाडीपेक्षा विमा महाग निघाला.

शेजारचा मोबाइलवाला भागवत म्हणाला, "मल्लिनाथशेठ, नांदेडला जावा. तिकडं लई स्वस्तात देऊन राहिलेत."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, माझ्या साडूच्या मित्रानं ऐकलंय!"

एवढा भक्कम पुरावा मिळाल्यावर मी जुनी गाडी त्याच संध्याकाळी विकून टाकली.

अंजू, म्हणजे आमची सौभाग्यवती, शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "एकटे जाऊ नका. तुम्हाला कुणीपण गुंडाळतं. अप्पांना घेऊन जा."

अप्पा म्हणजे माझे सासरे, उदगीरचे संगप्पा. आख्खी हयात बैलांच्या व्यापारात गेली. देवणी बैल नुसता चालताना बघून ते त्याचं वय, स्वभाव आणि मालकाची अडचण सांगतात. पण मोटारसायकल?

"बाजार कशाचा का असंना," अप्पा म्हणाले, "घेणारा आन् देणारा ही दोनच माणसं असत्यात. तुम्ही फकस्त गप बसा, जावईबापू."

मी एस.टी.त अहमदपूरपर्यंत गप्प बसलो. मग राहवेना. लोह्यापर्यंत त्यांना ब्रेक, गिअर, सीसी सगळं समजावलं. अप्पा डोळे मिटून मान डोलवत होते. नांदेड आल्यावर कळलं, झोपले होते.

शोरूममध्ये पुनम नावाची मुलगी हसतमुखानं समोर आली. "या काका, कोणतं मॉडेल दाखवू?"

अप्पांनी धोतराचा सोगा सावरला आणि एका काळ्या मोटारसायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या. सीटवर थाप मारली. हँडल दोन्ही हातांनी धरून शिंगं हलवावीत तसं हलवलं. मग वाकून पुढच्या चाकाकडं बघत विचारलं, "दात किती हाईत?"

पुनम माझ्याकडं बघायला लागली.

"वय विचारतायत," मी म्हणालो.

"याच महिन्यात आलीय, काका!"

"म्हंजी आदत हाय. दातच आलेले न्हाईत अजून!" अप्पा खूश झाले. "मग ही जुन्यावानी कामून दिसायलीय?"

"रेट्रो आहे, काका. मुद्दाम तशी बनवतात."

"बरं. भाव?"

पुनमनं दोन भाव सांगितले, एक्स-शोरूम आणि ऑन-रोड.

"आन् रोड म्हंजी?"

"रस्त्यावरचा भाव."

"पोरी, मोटारसायकल रस्त्यावर न्हाई तर काय गोठ्यात चालवायची? त्यो दुसरा भाव कुणासाठी ठिवलाय मग?"

याचं उत्तर चार महिने मीही शोधत होतो! मी मोठ्या आशेनं पुनमकडं बघितलं. तिनं मोठ्या आशेनं मॅनेजरकडं बघितलं.

मॅनेजर शिवशंकर साहेब आले. थोराड अंगाचे, अतिशय अदबीचे गृहस्थ. अप्पांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यांच्या उजव्या हातावर टाकलं आणि आपला हात त्याच्याखाली सरकवला!

बैलबाजारात असाच सौदा होतो. तोंडानं भाव काढायचा नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. हे मला माहीत होतं. शिवशंकर साहेबांना नव्हतं. त्यांना बहुधा वाटलं, हा काहीतरी धार्मिक विधी आहे. त्यांनी पायातले बूट काढले.

अप्पांनी खालून बोटं दाबली आणि भुवया उडवल्या.

"पाच?" साहेबांनी चाचरत विचारलं.

"शूऽऽ! तोंडानं बोलायचं न्हाई!"

साहेब कुजबुजले, "पाचही?"

"पाचही."

"नक्की ना, काका?"

"जबान हाय माझी!"

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हातांनी अप्पांचा हात धरला, उपरण्यासकट.

"झाला सौदा," अप्पा माझ्या कानात म्हणाले.

"कितीला?"

"उपरण्याखालचं उपरण्याखाली. घरी गेल्यावर सांगतो."

आता बघा, गाडी मी घेणार, पैसे मी देणार आणि भाव मला घरी गेल्यावर कळणार! मी काही विचारणार तेवढ्यात आतून मोटारसायकली बाहेर यायला लागल्या. काळी, मरून, हिरवी, करडी, निळी. मला वाटलं, रंग निवडायला काढल्यात. केवढा हा पाहुणचार! लातुरात तर रंग छापील कागदावर दाखवले होते.

"सर, कशा वाटतायत?" पुनमनं विचारलं.

"सगळ्याच छान आहेत!"

"सगळ्याच, सर!" ती टाळ्या वाजवत म्हणाली.

मग हार आले. नारळ आला. फुगे आले. पाचही गाड्यांच्या दिव्यांना कुंकू लागलं. अप्पांना फेटा बांधला, मला शाल घातली आणि मधोमध उभं करून फोटो काढला. मी मनात म्हटलं, नांदेडची माणसं खरंच दिलदार, एका गाडीला एवढा मान!

पेढा तोंडात असतानाच अंजूचा फोन आला.

"पाच?" ती एवढंच म्हणाली.

"काय पाच?"

"शोरूमनं फोटो टाकलाय! 'लातूरचे मल्लिनाथ सर, एकाच दिवशी पाच गाड्या!' भागवतभावजींनी आख्ख्या गल्लीला पाठवला! आई उदगीरहून फोनवर रडून राहिलीय. तिला वाटतंय, अप्पांनी शेत विकलं!" आणि मग तिचाच आवाज कापायला लागला. "खरं सांगा, विकलं का हो?"

मी फोन अप्पांच्या कानाला लावला. बैलबाजारात भल्याभल्यांना घाम फोडणारा तो माणूस लेकीच्या आवाजानं पांढरा पडला.

"न्हाई गं माय! शेत कामून विकू? म्या तर पाच हजार कमी कर म्हणलो!"

कुठंतरी एक फुगा फुटला. शिवशंकर साहेब हळूच स्टुलावर बसले.

"पाच... हजार?" ते म्हणाले. "मी पुण्याला मोठ्या साहेबांना कळवलं की हो. त्यांनी बैठकीत माझं नाव घेतलं. आजवर कधी घेतलं नव्हतं."

मला त्या माणसाची इतकी दया आली की मी छाती पुढं काढली. "साहेब, पाच नाही पण एक नक्की घेणार! तुम्ही सांगाल त्या भावाला!"

अप्पांनी मला असा चिमटा काढला की शालीतूनही वळ उठला.

"मग एकदा चालवून तरी बघा, सर," पुनम म्हणाली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. चार महिन्यांत मी तीनशे व्हिडिओ पाहिले असतील, पण त्या गाडीवर एकदाही बसलो नव्हतो! बसलो. डावा पाय टेकवला तर उजवा हवेत. उजवा टेकवला तर डावा. दोन्ही टेकवायचे तर नर्तकीसारखं चवड्यांवर उभं राहावं लागत होतं. तरीही मी ऐटीत निघालो. गाडी चालू असेपर्यंत मी राजा होतो. गोंधळ थांबण्यात होता.

पुढं अर्धापूरची केळी भरलेला एक टेम्पो अचानक थांबला. मीही ब्रेक दाबला, पाय खाली सोडला आणि जिथं रस्ता असायला हवा होता तिथं तो नव्हता! गाडी सावकाश कलायला लागली. इतकी सावकाश, की मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला, पण सुचलं काहीच नाही. शेवटी मी समोरच्या केळीच्या घडाला मिठी मारली.

टेम्पोवाला खाली उतरला. "काका, गाडी घेऊन राहिले का केळी?"

चार माणसांनी मला घडापासून सोडवलं आणि गाडी सरळ केली. नशीब, तिला ओरखडाही नव्हता. मी ती ढकलतच परत आणली.

"कशी वाटली, सर?"

"दमदार!" मी धापा टाकत म्हणालो.

अप्पांनी माझ्या शर्टावरचा केळीचा चीक पाहिला. मला बाजूला घेतलं. वाटलं, आता हसणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "जनावर चोख हाय, जावईबापू. पर तुमच्या मापाचं न्हाई. असं झालं की व्यापारी हात जोडून निघतो. त्यात लाज न्हाई."

खरं सांगतो, चार महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणीतरी समजेल असं सांगितलं होतं. मी पुनमची माफी मागितली, शाल परत केली. अप्पा निरोप घ्यायला शिवशंकर साहेबांकडं वळले, तशी साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले!

आम्ही एस.टी.नं परत आलो. अंजूला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग पोट धरधरून हसली.

पण तो फोटो! शोरूमनं तो काढून टाकला, भागवतनं पाठवलेला मात्र गावभर फिरतच राहिला. मंडळाची पोरं वर्गणीला आली आणि पाचशेची नोट बघून म्हणाली, "शेठ, गाडीमागं पाचशे द्या की!" एकानं वरातीसाठी मरून रंगाची गाडी मागितली. मी घसा फोडून सांगतो, एकही घेतली नाही! कुणी ऐकत नाही.

परवा अंजू शाळेतून आली ती गाल फुगवूनच.

"काय झालं?"

"आमच्या शिक्षकांच्या खोलीत तुमचाच विषय चालू होता."

"काय म्हणत होते?"

"म्हणत होते, दारात पाच-पाच गाड्या आणि दुकानाला रोज पायी जातो! लातुरात एवढा चिक्कट माणूस दुसरा नाही."