पहिलीच्या खिडकीबाहेरची खुंटी

आमचे झाडे सर शाळेत शिरले की आधी चपला काढतात आणि मग गुडघ्यांवर चालायला लागतात. फळ्यापर्यंत, नळापर्यंत, पार मुतारीपर्यंत. मुख्याध्यापक मागे उभे राहून घसा खाकरत असतात, पण सरांचं लक्ष नसतं. ‘उभ्यानं शाळा दिसत नाई,’ ते खालूनच म्हणतात, ‘खाली या, मंग दिसते.’

सर आर्किटेक्ट आहेत. ऑफिस वर्ध्यात, घर पिपरी मेघेत, आणि उभ्या आयुष्यात शाळेशिवाय त्यांनी दुसरं काही काढलेलं नाही. कोणी बंगल्याचं काम घेऊन आलं तर ‘पोट्टे किती बसतीन तिथं?’ असं विचारतात आणि माणूस चहा न घेताच उठतो. त्यांच्या सगळ्या पँटी गुडघ्यांवर पांढऱ्या पडल्या आहेत. अनोळखी लोक त्यांना फरशीवाला मिस्त्री समजतात आणि स्वयंपाकघराचा भाव विचारतात.

आता माझ्याविषयी. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, हे मी स्वतःच सांगितलेलं बरं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मुलाखतीला गेलो तेव्हा सरांनी माझी डिग्री बघितलीच नाही. मला भिंतीला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने रेघ मारली आणि हरखून म्हणाले, ‘सातवी!’ ज्या उंचीपायी माझी पोलीस भरती हुकली आणि चांगल्या चांगल्या सोयरिकी मोडल्या, त्या सातवीतल्या पोराएवढ्या उंचीवर मला नोकरी लागली.

तेव्हापासून माझं नाव सातवी. ‘सातवी कुठी गेला बे?’ अशी हाक आली की ऑफिसात नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, माझं शिक्षण तेवढंच असावं. सर स्वतः सहा फुटी. गुडघ्यांवर आले तरी चौथीच्या खाली जात नाहीत. मी गुडघ्यांवर आलो की बरोबर पहिली. म्हणून आमच्या प्रत्येक शाळेतल्या नळाचं पाणी आधी मी प्यायलो आहे, प्रत्येक बाकावर मी बसलो आहे. एका शाळेत संडासाची कडी मला आतून उघडेना. मी घामाघूम, आणि बाहेर सर आनंदाने टाळ्या वाजवत होते. ‘बरं झालं तू अडकला! पोट्टं अडकलं असतं ना!’

सरांचं एकच काम मला कधी कळलं नव्हतं. पहिलीच्या वर्गाची खिडकी ते अगदी खाली घेत, आणि तिच्या बाहेरच्या बाजूला, आतून दिसेल अशी, एक लाकडी खुंटी ठोकून घेत. कशाला विचारलं की म्हणत, ‘लागते.’ अर्धवट माहितीवर पूर्ण बोलायची मला सवय आहे. एका बाईंना मी ती छत्रीची खुंटी म्हणून समजावली, दुसऱ्या ठिकाणी डब्याची. सर ऐकत आणि गुडघ्यांवरच पुढे सरकत.

मग वडनेरच्या शाळेचं काम आलं. वडनेर सरांचं गाव. ‘हे झालं की गुडघे पेन्शनीत,’ ते म्हणाले. रोज साइटवर यायला लागले. एरवी ते गिऱ्हाइकाचं बरंच ऐकून घेतात, पण इथे पहिलीच्या खिडकीजवळ कोणाला फिरकू देईनात.

आणि नेमके तिथेच शाळा समितीचे अध्यक्ष बबनराव येऊन उभे राहिले. बबनराव सरांचे लहानपणचे वर्गमित्र. गावातल्याच जुन्या शाळेत दोघं एकत्र होते. खांद्यावर दुपट्टा, मागे दोन माणसं.

‘खिडकी वर घे,’ ते म्हणाले. ‘पोट्टे रस्त्याकडंच पाह्यत राह्यतीन, शिकतीन कवा? अन् हे खुंटी काऊन?’

‘खाली ये, मंग दिसते.’

‘माह्या गुडघ्याचं आपरेशन झालं आहे.’

‘मंग सातवी बसन. सातवी, बस.’

मी बसलो. अध्यक्षांसमोर, त्यांच्या माणसांसमोर, मिस्त्रीसमोर, डिग्रीसकट. खालून मला गावाबाहेर जाणारा रस्ता वळणापर्यंत दिसत होता, आणि चौकटीच्या कडेला खुंटी.

बबनराव मिस्त्रीकडे वळले. ‘वर घे रे खिडकी.’ मिस्त्रीने सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता सर नेहमीसारखा उजेडावाऱ्याचा हिशेब काढतील. पण ते हळू आवाजात वेगळंच बोलले.

‘बबन, आपल्या शाळेची खिडकी केवढी वर होती. मी पहिल्या दिवसापासून रडे. माय म्हणे, मी खिडकीखालीच बसून आहो, रडू नको. मले माय दिसे नाई. गजाले अडकवलेली तिची चुंबळ दिसे, तेवढीच.’

डोक्यावरच्या टोपल्याखाली घेतात ती कापडाची चुंबळ. सरांची आई हिंगणघाटच्या बाजारात भाजी विकायची, हे मला माहीत होतं. चुंबळीचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बबनराव सरांकडे वळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘तुही माय खिडकीखाली नोयती रे. मी दाराजवळ बसो ना. चुंबळ अडकवून ते तशीच उघड्या डोक्यावर टोपलं घेऊन जाये. मले रोज दिसे.’

‘मंग सांगतलं काऊन नाई?’

‘तू रडला असता.’

सर हसले. डोळे मात्र भरून आले होते. ‘मले माहीत होतं बबन. संध्याकाळी तिच्या कपाळावर टोपल्याचे वळ राह्यत. मी बी काही बोललो नाई. तिले वाटे, पोट्टं खुश आहे. पण जाताना माय मले एकदा तरी दिसाले पायजे होती. अन् चुंबळीसारखं मायचं काहीतरी पोट्ट्यांसमोर राह्यलं पायजे. म्हणून खिडकी खाली. म्हणून खुंटी.’

इतकी वर्षं मी त्या खुंटीवर छत्र्या आणि डबे टांगत बसलो होतो. मला फार लाज वाटली, आणि सरांचा हात धरावासा वाटला, पण पहिलीच्या उंचीवरून माझा हात तिथवर पोचेना.

बबनरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. बाहेरच्या बाजूला गेले, तो खुंटीला अडकवला आणि रस्त्याने वळणापर्यंत हळूहळू चालत गेले. तिथून मागे वळून त्यांनी हात हलवला.

‘दिसून राह्यलो काय रे सातवी?’ त्यांनी ओरडून विचारलं.

मी गुडघ्यांवरूनच ओरडलो, ‘दिसून राह्यले!’