गाण्याच्या कार्यक्रमास हरकत नसल्याबाबत

माणसाच्या आत्म्याला धोका एक तर डोळ्यांतून शिरतो, नाही तर कानांतून. आणि घरावर डिश असेल तर दोन्हीकडून एकदम शिरतो. ही गोष्ट जळकोटच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या फार लवकर लक्षात आली. इतर ठिकाणच्या मंडळ्या याबाबत नुसता उपदेश करून मोकळ्या होतात. आम्ही समिती नेमली.

समितीचं नाव 'करमणूक परीक्षण समिती'. अध्यक्ष अमृतराव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून समोर चार माणसं बसली की मोजतात). सदस्य महिला मंडळाच्या गुरम्मा अक्का. सचिव मी. तत्त्व साधं होतं. टीव्हीवरची कुठलीही गोष्ट मंडळीनं पाहण्याआधी समितीनं पाहायची, म्हणजे जे काही बाधायचं असेल ते आधी आम्हाला बाधेल. असा त्याग आजकाल फारसा कुणी करत नाही, हे आमचं आम्हालाच नमूद करावं लागतं.

कामाची पद्धत कडक होती. प्रत्येक भागाआधी प्रार्थना. आक्षेपार्ह प्रसंग आला की सर्वांनी डोळे मिटायचे. पण सर्वांनीच मिटले तर नोंद कोण करणार? म्हणून एकानं उघडे ठेवायचे. याला 'उघड्या डोळ्यांची पाळी' म्हणत. गुरम्मा अक्कांनी पहिल्या चार महिन्यांत स्वतःची पाळी नसताना त्रेचाळीस वेळा ही जबाबदारी उचलली.

"तुम्ही मिटा गुरुजी, तुम्हाला बीपी हाय," असं म्हणायच्या.

नोंदवहीत रकाने होते: आलिंगन (सेकंदांत), मद्य (पेल्यांत), शिव्या (तोंडी व हातवाऱ्यांच्या, वेगवेगळ्या). 'सासूकडून सुनेचा छळ' हा रकाना पुढे बंद केला, कारण महिला मंडळाच्या मते ती करमणूक नसून माहिती आहे. जाहिरातीही सोडल्या नाहीत. साबणाच्या जाहिराती एकमतानं दोनदा पाहिल्या.

अशा वेळी, चोवीस नोव्हेंबरला, आरतीचा अर्ज आला.

आरती म्हणजे शेषेरावांची मुलगी, वय एकोणीस, आमच्या गायनसंघात दुसऱ्या रांगेत उभी राहते. टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेची निवड चाचणी लातूरला तेरा डिसेंबरला होती. तिचं नाव यादीत आलं होतं. वयाची अट वीस, त्यामुळे जायचं तर यंदाच. शेषेराव ट्रॅक्टर दुरुस्त करतात, आणि मंडळीच्या चिठ्ठीशिवाय पोरीला मैत्रिणीच्या वाढदिवसालाही सोडत नाहीत.

"गुरुजी, फकस्त चिठ्ठी पायजे," आरती म्हणाली. "एका ओळीची."

"मिळंल की. पण अगोदर बघावं लागंल."

"मला?"

"तुला काय बघायचं? तुला बारशापास्नं बघून राहिलो. कार्यक्रम बघावा लागंल."

कार्यक्रम न बघता शिफारस करणं म्हणजे खोटी साक्ष, हे कुणालाही पटेल. कार्यक्रमाची तीन पर्वं होऊन गेली होती: बासष्ट, अठ्ठावन्न आणि एकाहत्तर, एकूण एकशे एक्याण्णव भाग. रोज दोन, रविवार सुट्टी, या दरानं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात काम पुरं होत होतं. चाचणीची तारीख सोडली तर वेळापत्रकात कसलीच अडचण नव्हती.

मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब एकदा म्हणाले, "अहो, पोरीला जाऊ द्या की. गाणंच तर म्हणायचंय."

कार्यक्रम पाहिलाय का, असं समितीनं त्यांना विचारलं. त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचं मत 'अभ्यासाविना' असा शेरा मारून दफ्तरी दाखल केलं.

काम जोरात सुरू झालं. पहिल्या आठवड्यात गुरुजींच्या बैठकीच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. मग निरीक्षक येऊ लागले. आठ डिसेंबरला टीव्ही प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत हलवावा लागला आणि दहाला व्यासपीठाशेजारी. उपस्थिती: बुधवारची प्रार्थनासभा नऊ, समिती एकाहत्तर. मंडळीत इतकी जागृती यापूर्वी दिसली नव्हती.

अकरा तारखेला आरती पुन्हा आली.

"अक्का, कुठवर आलं?"

"पहिलंच पर्व हाय, अजून निम्मंबी झालं न्हाई. बस, बस. काल ती अकोल्याची पोरगी भायेर गेली बघ. लई रडलो आम्ही. गुरुजींनी तर पाणीच मागितलं."

"अक्का, परवा हाय माझी चाचणी."

"हाव गं, ध्यानात हाय. थोडं सरक की, दिसंना."

तेरा डिसेंबरला आरती सकाळी सातला बसस्टँडवर जाऊन बसली आणि लातूरच्या तीन गाड्या गेल्यावर घरी परत आली, असं ऐकलं. चिठ्ठीविना बाप सोडणार नाही आणि बापाच्या होकाराविना ती जाणार नाही, असं तिचं वळण. समितीनं त्याच दिवशी ठराव करून तिच्या आज्ञाधारकपणाचं कौतुक केलं.

लेन्टच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, काळातही काम थांबलं नाही. चाळीस दिवसांसाठी काहीतरी सोडायचं म्हणून समितीनं चिवडा सोडला.

एकवीस मार्चला अहवाल तयार झाला. निष्कर्ष: कार्यक्रम निर्मळ असून कुटुंबासह पाहण्याजोगा आहे. अध्यक्षांनी लगेच प्रमाणपत्र लिहिलं: 'कु. आरती शेषेराव हिने तेरा डिसेंबर रोजीच्या निवड चाचणीस जाण्यास मंडळीची हरकत नाही.'

आरतीनं ते दोनदा वाचलं. "गुरुजी, तेरा डिसेंबर होऊन गेला."

"मग! आता धोका कसलाच न्हाई," गुरुजी प्रसन्न होऊन म्हणाले.

चौथं पर्व एप्रिलमध्ये सुरू झालं. आता पाहायला परवानगी असल्यानं सगळी मंडळी पाहू लागली. किनवटकडची एक मुलगी पहिल्या पाचांत पोचली. तिच्यासाठी साखळी प्रार्थना झाली, एक दिवसाचा उपास झाला, आणि रविवारच्या उपासनेनंतर मोबाइलवरून मत द्यायचं ठरलं. म्हाताऱ्या माणसांना ते बटण सापडेना. कॉलेजात जाणारी म्हणून आरतीला उभं केलं. तिनं बाकांमधून फिरत एकशे सत्तेचाळीस मोबाइलवरून मतं टाकून दिली. गुरम्मा अक्कांचं दोनदा टाकावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटले होते आणि मत पडलेलं पाहिलंच नव्हतं.

हे वाचून तुम्हाला आमची समिती हसण्यासारखी वाटली असेल. एकशे एक्याण्णव भाग पाहिले, पण पोरीला 'एक कडवं म्हणून दाखव' असं कुणी म्हणालं नाही, हे खरं आहे. ते इतिवृत्तात नमूद करायला सचिव म्हणून मला संकोच नाही. पण आरती गाते कशी, हे मी या लेखात कुठेही लिहिलेलं नाही. आणि तुम्ही इथवर आलात, तुम्हालाही ते विचारावंसं वाटलं नाही. समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करावा.