काट मारलेला गोल

आमच्या छापखान्याचा एक जुना नियम आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राच्या ठरलेल्या प्रती निघाल्या, की मागाहून कोणी चोरून आणखी छापू नयेत म्हणून पत्र्यावर तिरकी काट मारायची. मग काट मारल्याचा पुरावा म्हणून एक शेवटची प्रत काढून ठेवायची. सुपीरिअर सरोवराकाठच्या आमच्या गावात नगराध्यक्ष बदलले, बर्फसुद्धा पूर्वीसारखं पडेनासं झालं, पण हा नियम मोडलेला मला आठवत नाही. आणि मला बरंच आठवतं.

माझी मैत्रीण लेम्पी हापाला हिनं अख्खा हिवाळा एका पत्र्यावर घालवला. तीन चौकोन आणि त्यांच्यामध्ये कोणालाच न टेकणारा एक गोल. फिनलंडहून आलेली तिची आई गावच्या वाचनालयात बसून इंग्रजी शिकली होती. त्या वाचनालयाची नवी भिंत रिकामी होती, आणि तिथे हा गोल लागावा एवढीच लेम्पीची हौस.

"मग मी मेले तरी चालेल," ती म्हणाली.

"आधी नाकाची शाई पूस," मी म्हटलं.

वाचनालयाच्या कलासमितीचे अध्यक्ष ब्रॅमवेल त्या भिंतीसाठी चित्र निवडायला आले तेव्हा प्रती वाळत होत्या. सगळ्या स्वच्छ प्रती ओलांडून ते पुराव्याच्या प्रतीपाशी थांबले.

"ही काट. काय धाडस आहे, लेम्पीबाई."

"ती चित्रातली नाही हो. चित्र संपल्याची आहे."

"तेच म्हणतोय मी. शेवटाचं भान."

"ही शेजारची बघा ना. हिच्यात गोल नीट दिसतो."

"हो, दिसतो खरा," ते खेदानं म्हणाले.

त्यांनी काट मारलेलीच प्रत निवडली. वाचनालयाच्या शाखांनाही तशाच प्रती हव्या होत्या. इथे पेच पडला, कारण पुराव्याची प्रत निघाली की काट मारलेल्या पत्र्यावरून पुन्हा छापायचं नसतं. छापखान्याच्या नियम उपसमितीची, म्हणजे माझी आणि माझा वेलदोड्याचा पाव खायला येणाऱ्या दोघांची, तातडीची बैठक भरली. काट मारलेलं चित्र हे नवं चित्र समजावं, असा निर्णय झाला. अर्थात त्याच्या प्रती निघाल्यावर त्याच्यावरही काट मारणं आलंच.

"काटेवर काट?" लेम्पीनं विचारलं.

"नियम आहे, बाई."

"आत्ता तुम्हीच तर केलात."

"म्हणूनच मोडता येत नाही. करणाऱ्यांनीच मोडला तर काय राहिलं?"

लेम्पीनं दुसरी काट मारली, पुरावा काढला. प्रती न्यायला आलेल्या ब्रॅमवेलना तो पुरावा दिसला. आधीच्या प्रती आता त्यांना बाळबोध वाटू लागल्या. ह्या नव्या चित्रात परिपक्वता होती. मग त्याच्या प्रती, मग त्याच्यावर काट, मग तिचा पुरावा, त्यात तर अधिकच परिपक्वता. सरोवरावरचं बर्फ फुटेपर्यंत पत्र्यावर ओरखड्याला जागा उरली नाही. सगळ्या ओरखड्यांत शाई भरली आणि कागद काळाकुट्ट निघाला.

तो काळा कागद समारंभपूर्वक भिंतीवर चढला. खालची माहितीची पाटी चित्राहून मोठी होती. दोन शब्द बोलायला लेम्पीला उभं केलं.

"ह्याच्याखाली एक गोल आहे," ती म्हणाली.

लोकांनी डोळे मिटून टाळ्या वाजवल्या.

नंतर तिनं एक स्वच्छ प्रत स्वतः नेऊन वाचनालयाला फुकट देऊ केली. "पूर्ण झाली की आणा," असं तिला मायेनं सांगण्यात आलं. ती प्रत आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. पाहुणे विचारतात, मैत्रीण हे पुरं कधी करणार? लेम्पी कॉफीला येते आणि गोलाकडे तोंड करून बसते.

आता ही गोष्ट. तुम्हाला ती जरा सरळच वाटली असणार. पेन घ्या, तिच्यावर तिरकी काट मारा आणि पुन्हा वाचा. मगाशी वाटली नसेल इतकी खोल वाटेल.