नमुन्याचं जेवण

"लोकांना जेवू घालायला पैसे लागतात, हा निव्वळ गैरसमज आहे!" जावईबापूंनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं.

सासरची मंडळी त्यांना जावईबापू म्हणत, आणि ते नाव ऑफिसातही जाऊन चिकटलं होतं. ऑफिसात ते खरेदी विभागात. तिथला शिरस्ता असा, की तीन ठिकाणांहून दर आणि नमुना मागवल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही. हा शिरस्ता या गृहस्थांनी घरीही आणला होता. पडदे नमुन्याचे, साबण नमुन्याचा, आणि बैठकीतल्या तीन खुर्च्या तीन उंचीच्या! पाहुणे आले की कुणीतरी सिंहासनावर आणि कुणीतरी जवळजवळ जमिनीवर बसायचं.

बायकोने तो कप पुढ्यातून उचलला. "हे बघा, बाबांची सत्तरी आहे. आई गेल्यापासून ते एकदाही मोकळेपणी हसलेले नाहीत. मला एक संध्याकाळ त्यांना हसताना बघायचंय. त्यात तुमची काटकसर आणलीत ना, तर माझ्याशी गाठ आहे!"

"तू नुसती बघत राहा."

खरं तर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हॉलच्या भाड्यातच बजेटने मान टाकली होती. उरलेल्या पैशांत तीस पाहुण्यांना फार तर पाणी आणि हात पुसायला कागद मिळाला असता. म्हणून जावईबापूंनी तीन केटरर्सना फोन लावले आणि तिघांनाही एकच सांगितलं. "पाचशे माणसांचं लग्न आहे. ऑर्डर देण्याआधी आमची दहा जणांची समिती चव घेणार. रविवारी संध्याकाळी हॉलवर नमुना घेऊन या."

तीन केटरर, प्रत्येकी दहा ताटं. झाले की नाही तीस?

रविवारी पहिला केटरर पुढच्या दाराने आला. त्याच्या मिशा त्याच्याआधी आत आल्या. दुसरा टाय लावून मागच्या दाराने आला. तिसऱ्या होत्या एक काकू. त्यांना गच्चीच्या जिन्याने वर चढवून पुन्हा खाली उतरवलं होतं, त्यामुळे त्या आल्या त्या धापा टाकतच. तिघांना तीन कोपरे दिले आणि मधे पडदे लावले. पडदे अर्थातच नमुन्याचे, तीन रंगांचे!

पाहुण्यांच्या कानात जावईबापूंनी आधीच फुंकलं होतं. "वाढणारे समिती म्हणतील, म्हणू द्या. ते जाईपर्यंत वाढदिवसाचं नाव काढायचं नाही."

माणसाला एकदा समितीवर बसवलं की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही! जे आयुष्यभर समोर येईल ते गिळत आले होते, ते चमचा उजेडाला धरून बघू लागले. "सूप पातळ आहे." "भात जरा बुजरा वाटतो." बायकोच्या आत्याने तर गोड पदार्थ तीनदा मागवला, कारण म्हणे एका चवीवर निर्णय देणं अन्यायाचं होईल.

सासरे नवा कोट घालून, खिशाला फूल लावून मधल्या टेबलाशी गप्प बसले होते. त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या निवृत्त नर्सबाई त्यांच्या ताटातलं लोणी निमूटपणे काढून स्वतःच्या ताटात घेत होत्या.

तेवढ्यात बायको केक घेऊन आली. तिला वाटलं, केटरर गेले. केकवर भला मोठा आकडा होता, सत्तर! ती केक ठेवायला वळली, तिचा धक्का पडद्याला लागला, आणि एकाच दोरीला बांधलेले तिन्ही पडदे धाडकन खाली आले.

तीन केटरर्सनी एकमेकांकडे बघितलं. मग तिघांनी मिळून जावईबापूंकडे बघितलं.

"लग्न आहे म्हणालात ना?" मिशीवाल्याने विचारलं. "मग हे सत्तर कसले?"

जावईबापूंच्या डोक्यात त्या क्षणी एकच उत्तर होतं. तेही नमुन्यालाच आलेलं असावं!

"ते... नवरदेवाचं वय आहे."

सगळ्या हॉलमध्ये नवा कोट एकाच माणसाच्या अंगावर होता. टायवाला धावला. "अभिनंदन काका! या वयात हिंमत लागते हो!" मिशीवाल्याने त्यांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. काकूंनी मायेने विचारलं, "आणि नवरी कुठे?"

जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. आता बायको आपल्याला याच हॉलमध्ये पुरणार, भाडं भरलेलंच आहे!

सासरे हळूच उठले. "जावईबापू, तुम्हाला कळलं कसं?"

"अं?"

"वर्षभर आमचं दोघांचं चाललंय, आज सांगू, उद्या सांगू. पोरीला काय वाटेल म्हणून तोंडच उघडवत नव्हतं." त्यांनी नर्सबाईंकडे हात केला. नर्सबाई लोण्याचा चमचा हातात घेऊन लाजल्या.

बायको बापाकडे बघत राहिली, मग नर्सबाईंकडे, मग त्या लोण्याकडे. आणि एकदम रडत दोघांच्याही गळ्यात पडली. "अहो बाबा, मला काय वाटणार! मला बरं वाटणार!"

डोळे पुसत ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही ओळखलंत! आणि मी वेडी समजत होते, हे सगळं फुकटात उरकताय."

"छे, छे!" जावईबापू म्हणाले.

"पाचशे माणसं सांगितलीत साहेबांनी!" मिशीवाल्याने अभिमानाने साक्ष दिली.

"पाचशे?" सासऱ्यांनी विचारलं, आणि ते हसले. पोट धरून, कोटावरचं फूल खाली पडेपर्यंत हसले. ते बघून बायको अशी फुलली, की जावईबापूंच्या ओठांवर आलेलं खरं तिथल्या तिथे विरघळलं.

समितीने एकमताने काकूंना लग्नाची ऑर्डर दिली. काकूंचा दर तिघांत सगळ्यांत चढा होता. जावईबापूंनी क्षीण आवाजात शिरस्ता पुढे केला. "अंतिम निर्णयाआधी आणखी एक नमुना..."

"संपला. तुमच्या समितीने पातेलीसुद्धा पुसून खाल्ली."

सकाळपासून पोटात कण नसलेल्या जावईबापूंनी रिकाम्या पातेल्यात डोकावून बघितलं. "निदान मला चव तरी?"

काकूंनी ऑर्डरचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"चव समितीने घेतली, साहेब. तुमची फक्त सही!"