जिभेखालची गोळी आणि कंबर छत्तीस

शिंपीदादांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि एके दिवशी चिमटीतली सुईच त्यांना जाणवेना. सगळं पोट त्या सुईवर, त्यामुळे गडी पार हबकला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि धीर दिला: बी-बारा कमी आहे, भरून निघेल. इंजेक्शन घ्या, गिळायची गोळी घ्या, नाहीतर जिभेखाली विरघळवायची.

आता आली का पंचाईत! जन्मभर सुया हाताळलेला हा माणूस इंजेक्शनच्या नावानेच पांढराफटक पडायचा. गिळायची गोळी तांब्याभर पाणी प्यायलं तरी घशातच ठाण मांडून बसायची. उरली जिभेखालची. ती विरघळेपर्यंत गप्प बसायचं, एवढंच पथ्य. पण दादांचं तोंड झोपेतही मिटत नसे.

पहिली गोळी ठेवली न ठेवली तोच हेडसर हजर. महिन्याभराने निवृत्तीचा समारंभ होता आणि त्यासाठी त्यांना कोट हवा होता. थांबा म्हणायचं तरी बोलावं लागणार, म्हणून दादांनी सरळ टेप लावली. माप दादांनी मोठ्यानं सांगायचं आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, वहीत लिहायचं, ही दुकानाची जुनी रीत. हेडसरांनी नेहमीसारखा श्वास ओढून पोट आत घेतलं.

"तंबल थत्तीथ," दादा म्हणाले.

हेडसरांना काही कळलं नाही. वहिनींनी मान डोलावली आणि लिहिलं.

महिन्याभरात बोटं ताळ्यावर आली, कोटही झाला. हेडसरांनी तो अंगात घातला तर पोटाशी चांगला ऐसपैस. दादांनी घाईघाईने वही उघडली. कंबर अडतीस! बोटं वाचली पण अब्रू गेली, असं त्यांना वाटलं. हेडसर मात्र बटणं लावून खाली बसले, उठले, पुन्हा बसले.

"दादा, कोटात श्वास घेता येतो हे मला आज कळलं. फार उपकार झाले तुमचे."

ते गेल्यावर दादा ओशाळून म्हणाले, गोळीपायी तुला चुकीचं ऐकू गेलं. आणि त्यांनी आजची गोळी जिभेखाली ठेवली.

"मला छत्तीसच ऐकू आलं होतं," वहिनी म्हणाल्या. "अहो, ते पोट मी किती वर्षं बघतेय! पण एरवी तुम्ही आकडा असा खणखणीत सांगणार, मग त्यांच्यादेखत दुसरा कसा लिहू? या वेळी त्यांना काही कळलंच नाही, म्हणून लिहिले अडतीस. आता गोळी आणाल ती जिभेखालचीच आणा."

दादांना भरून आलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. गोळीला की बायकोला, ते मात्र सांगता आलं नाही, कारण आजची गोळी अजून विरघळायची होती.